एका नोकरीच्या दोन मिशा

इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "किसनभाऊ, कारखाना उभा राहिला तेव्हाचे तुम्ही साक्षीदार. तुमचं योगदान लिहून द्या." मी म्हटलं, अहो, मी एक बोल्टसुद्धा आवळलेला नाही. एक वीट तेवढी उचलली, तीही गिऱ्हाइकाला बसायला. ते म्हणाले, तेच लिहा. चहा पिऊन ते गेले आणि आमच्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सारे इंजिनियर लिहून राहिले, तुमीच कावून मागं राहता?" म्हणून बसलो.

तर मी न्हावी. आमच्या भंडाऱ्याकडे म्हाली म्हणतात. वडील गावचे म्हाली होते. वर्षभर गावाची डोकी करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं, असा तो धंदा. गाव एक आणि आम्ही भाऊ तिघं. गाव थोरल्याकडे गेलं, मधला सासुरवाडीला जाऊन राहिला आणि मी धोकटी काखेला मारून गाडीत बसलो. धोकटी म्हणजे आमची हत्यारांची चामडी पिशवी. वस्तरा, कात्री, वस्तऱ्याला धार लावायची चामोटी, तुरटीचा खडा आणि हातात मावेल एवढा आरसा, एवढाच संसार. कोणी तरी सांगितलं होतं की दुर्गच्या पुढं भिलाईला सरकार लोखंडाचा कारखाना बांधून राहिलं आहे, माणसांचा नुसता महापूर आला आहे. मी हिशेब केला की जितकी माणसं तितक्या हनुवट्या.

उतरलो तेव्हा कारखाना कुठं दिसेना. लाल मुरूम, तंबू, ट्रक आणि धूळ. नोकरभरतीचा तंबू एका कडुलिंबासमोर होता. माणसं दिवस दिवस रांगेत उभी असत आणि उभ्या माणसाला दाढीची आठवण हटकून होते. मी कडुलिंबाखाली जागा धरली. खुर्ची कुठून आणणार? बांधकामावरची एक फुटकी वीट आणली आणि तिच्यावर गिऱ्हाईक बसवलं. हिंदीत विटेला ईंट म्हणतात, त्यावरून पोरं माझ्या दुकानाला 'ईंटालियन सलून' म्हणायला लागली. पाटी लावायची गरज पडली नाही.

विटेचा एक गुण मला उशिरा कळला. गावी वडिलांनी काही घरांच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. का, ते कोणी विचारत नसे. भिलाईत आमच्याच भागातला दशरथ भेटला. आजच्या भिलाई-३ वस्तीच्या बाजूला रेल्वेत गँगमन होता, नागपूरला जाऊन नुकतीच दीक्षा घेऊन आलेला. विटेसमोर उभा राहून म्हणाला, "किसन, मी जय भीमवाला हावो. दाढी करशीन का तोंड पायशीन?" मी म्हटलं, बस. यात माझा काही मोठेपणा नाही. सकाळपासून भवानी झाली नव्हती. पण एकदा वीट सगळ्यांची झाली ती झालीच. दशरथ पुढं दर रविवारी येऊ लागला आणि दाढी होईस्तोवर मला जगाच्या बातम्या सांगू लागला.

आता धंद्याचं सांगतो. पक्क्या नोकरीला वयाची अट होती. अठरा पुरं हवं आणि पस्तिशी उलटलेली नको, असं भरतीचे बाबू सांगत. पण खेड्यातल्या माणसाजवळ जन्माचा दाखला कुठला? आई सांगायची, हा झाला त्या साली पूर आला होता. मग बाबू तोंडाकडे बघत आणि वय लिहीत. म्हणजे माणसाचं वय आधी माझ्या विटेवर ठरायचं आणि मग त्यांच्या टेबलावर उतरायचं. सकाळी माझ्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येत. लहान होऊ पाहणारी म्हातारी माणसं आणि म्हातारी होऊ पाहणारी लहान माणसं. मधल्या वयाचे, ज्यांचं सगळं रीतसर होतं, ते दाढी वाढवूनच रांगेत जात.

केस आधी कानशिलावर पांढरे होतात आणि मिशीत. कानशील भादरून टाकता येतं. मिशीला दिव्याची काजळी आणि एरंडेल लावायचं, पण उन्हात ते टिकत नाही. एका गिऱ्हाइकाची मिशी रांगेत उभ्या उभ्या हनुवटीवर उतरली आणि बाबूंनी त्याला विचारलं, "काय हो, कोळसा खाल्लात का?" खरं सांगायचं तर माणसाचं वय चेहऱ्यावर नसतंच, गळ्यावर असतं. गळ्याच्या सैल कातडीला तरुण करणारा न्हावी अजून जन्मायचा आहे. मी आपला गिऱ्हाइकांना सांगे, सदऱ्याची वरची गुंडी लावून जा.

इथं एक गोष्ट आजच्या पोरांसाठी सांगितली पाहिजे. त्या काळी खेड्यातला माणूस मिशी काढत नसे. बाप मेला तरच काढायची. शहरातल्या लोकांचं निराळं, पण शेतकऱ्याच्या ओठावर मिशी नाही म्हणजे घरी बाप नाही, हे शेंबडं पोरही ओळखायचं. एकदा उन्हाळ्यात एक रशियन साहेब दुभाष्याला घेऊन विटेवर आले. पिवळी झुपकेदार मिशी, मानेपर्यंत घाम. डोक्यावरून आणि ओठावरून हात फिरवून म्हणाले, सगळं काढ. मी काढलं, मला काय. दुसऱ्या दिवशी साहेब कामावर गेले तर त्यांचे गवंडी आणि बिगारी एकदम चिडीचूप. कोणी मोठ्यानं बोलेना, कोणी बिडी पेटवेना. एक म्हातारा मिस्त्री त्यांच्याजवळ जाऊन नुसता बसून राहिला. बिचाऱ्याचा बाप तिकडं बर्फात गेला आणि यानं इथं मुंडण केलं, अशी सगळ्यांची समजूत. साहेब दुभाष्याला म्हणाले म्हणे की इथल्या लोकांची शिस्त आता फार सुधारली आहे.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं तसं गेलं नाही.

उतईच्या वाटेवर एक मराठी घर होतं. तीन-चार पिढ्यांपूर्वी आमच्याच भागातून येऊन शेतीवर स्थिरावलेलं. त्यांचं वावर कारखान्यात गेलं. मोबदला मिळाला तो एका लग्नात विरघळला. आता सगळ्यांच्या जिवाला एकच आशा होती; ज्याची जमीन गेली त्याच्या घरचा एक माणूस नोकरीत घेणार. हा नियम कुठं लिहिलेला होता की बोलाचीच कढी होती, मला आजही माहीत नाही. पण सगळे तो तोंडपाठ म्हणत. घरामागं एक.

त्या घरात तिघं पुरुष. म्हातारे आबाजी, ज्यांच्या नावावर जमीन होती. त्यांचा मुलगा सदाशिव, चव्वेचाळिशीचा. आणि सदाशिवचा मुलगा मनोहर, ज्याला सतरा पुरी झाली होती. आणि जागा एक.

एका सकाळी मी धोकटी सोडतो न सोडतो तोच मनोहर विटेवर येऊन बसला. ओठावर नुसती लव.

"काका, मिशी लावून द्या."

"घरी सांगून आला का?"

"नाही. सारे झोपून होते." मग त्यानं विचार करून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं. "बाबा लागले तं थोड्या सालात रिटायर होतीन. त्यायच्या संग नोकरी बी घरी येऊन बसन. मंग मी काय करू? तवा माही उमर गेली राहीन. वावर असतं तं त्यायच्या मागून माह्याकडंच आलं असतं ना, काका?"

मी त्याच्या लवेवर काजळी आणि एरंडेल बसवलं. घाम पुसायचा नाही, टिपायचा, अशी ताकीद दिली. तो रांग धरायला गेला आणि घटकाभरानं त्याच विटेवर त्याचा बाप.

"किसन, मिशी काढ."

माझा हात थांबला. "आबाजी कवा गेले?"

"कुठं गेले? घरी हायत. चिलीम ओढून राहिले."

"मंग कावून काढतो?"

"पांढरी झाली ते दिसून नाही राहिलं का तुले?"

मी म्हटलं, काजळी लावू. तो म्हणाला, ती हनुवटीवर उतरते, त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, बाप जिवंत असताना मिशी काढणं बरं नव्हे. त्यानं माझा आरसा उचलून ओठ पाहिला. मग म्हणाला, "पोट्ट्याचे हातपाय तरणे हायत. त्याले दुनियाभर काम भेटन. मले या उमरीत कोन इचारते? वावर होतं तवा मी मालक होतो. आता काय पोराची भाकर खाऊ? चव्वेचाळिसात?"

मी काढली. आमच्यात म्हण आहे, न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे. वडील त्याला जोड देत, केसच निघाले पाहिजेत, गुपित निघता कामा नये. म्हणून बापाला पोराचं सांगितलं नाही आणि पोराला बापाचं. शिवाय दोघांचंही मला पटलं होतं. माझ्या धंद्यात हे रोजचंच आहे. भांडणाऱ्या दोघांची दाढी एकाच वस्तऱ्यानं होते.

सदाशिवनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला, वरची गुंडी लावली आणि रांगेत गेला. मनोहरनं बापाला येताना पाहिलं असावं, कारण तो आपला नंबर सोडून मागं सरकला आणि एका उंच माणसाच्या आड दडला. बापाचं तोंड त्याला दिसत नव्हतं, दुपट्टाच दिसत होता. मी कडुलिंबाखालून सगळं बघत होतो. तंबूच्या कनाती उन्हाळ्यामुळं वर बांधलेल्या असत.

सदाशिवचा नंबर आला. बाबू नागपूरचे, मोठे सज्जन माणूस. त्यांनी वर पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली.

"अरेरे. वडील कधी गेले?"

सदाशिवच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आलं होतं, पण बाबूच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं. जिवंत आहेत म्हणावं, तर मिशी कशाला काढली? गेले म्हणावं, तर जिभेला हाड नसलं तरी बापाला जिवंतपणी मारायला ती वळेना. तो नुसता उभा राहिला. त्या गप्प राहण्याला बाबूंनी दुःख मानलं. ते चक्क उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"असू द्या, असू द्या. माझेही मागच्या साली गेले. हे पहा, सुतकात नव्या कामाला हात लावू नका. तेरवी आटपा आणि मग या."

तेरवी होईस्तोवर भरती राहते की उठते, याचा भरवसा नव्हता. एखाद्या खडूस बाबूनं हाकललं असतं तर सदाशिव भांडला तरी असता. इतक्या प्रेमानं हाकलल्यावर काय करणार?

तोवर रांगेत कुजबुज सुरू झाली. "का होगे गा?" एकानं छत्तीसगढीत विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं, "सदाशिव के ददा बीतगे." ददा म्हणजे बाप. मनोहरनं ते ऐकलं, वाकून पुढं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला बापाचा उघडा ओठ दिसला. पहाटे तो आजोबांना झोपलेलं सोडून, न सांगता घराबाहेर पडला होता. त्याला काय वाटलं असेल ते वाटलंच. "आबा गेऽऽ" असा त्यानं हंबरडा फोडला, रांग तोडून आला आणि बापाच्या गळ्यात पडून रडायला लागला. घाम पुसायचा नाही हे मी सांगितलं होतं. आसवांचं सांगायचं राहिलं होतं. त्यानं बाही तोंडावरून फिरवली, एकदा, दोनदा, आणि मिशी कानापर्यंत गेली. उरलेली बापाच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली.

सदाशिव आधी गोंधळला, मग ओरडला, "अबे, रडून कावून राहिला? जित्ता हाय बुढा!"

बाप बिनमिशीचा, पोरगा तोंडभर मिशीचा, आणि दोघं एकमेकांकडे बघतायत. कोण कशासाठी आलंय हे दोघांना एकाच वेळी कळलं. बाबू खाली बसले. त्यांनी बापाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि मग सावकाश कडुलिंबाकडे पाहिलं. मी चामोटीवर वस्तरा इतक्या जोरात घासायला लागलो की जसं काही मला ऐकूच येत नाही.

"उद्या त्या जिवंत माणसाला घेऊन या," बाबू म्हणाले. "जमीन त्यांच्या नावची. ते सांगतील ते नाव लिहीन."

दुसऱ्या दिवशी आबाजी आले. पांढरीशुभ्र मिशी गालापर्यंत गेलेली, तेल लावून पीळ दिलेला. आदल्या दिवशी घरी काय झालं ते नंतर कळलं. उघड्या ओठाचा नवरा दारात बघून सदाशिवच्या बायकोनं सासऱ्याच्या नावानं गळा काढला होता आणि सासरा ओसरीवरून विचारत होता, "कोन मेलं?" त्यामुळं म्हातारा तापूनच आलेला. तंबूत शिरताच म्हणाला, "मी जित्ता हाय. लिहा."

बाबूंनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. घरचा एक. वय अमुक ते अमुक. आबाजींनी स्वतःकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं.

"म्हंजे मी नासलो, हा शिळा झाला, अन् तो कच्चा हाय. साहेब, आमच्या घरात तुमच्या मापाचा मानूस पैदाच नाही झाला."

रांग हसली, बाबूही हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आबाजी, मुलाचं तोंड पाहून मी पस्तीस लिहू शकतो. नातू दिवाळीनंतर अठराचा होईल, त्याला तेव्हा घेऊ शकतो. तोवर जागा धरून ठेवीन. पण दोघांतला एक. तुम्ही सांगा."

आता हसायचं थांबलं. मीही विटेवरचं गिऱ्हाईक अर्धं साबण लावलेलं सोडून कनातीपाशी जाऊन उभा राहिलो.

"हा लागला तं कुठवर?"

"अठ्ठावन्नपर्यंत."

"मंग ते जागा त्याच्या पोट्ट्याले?"

"नाही, तसं नसतं."

"अन् पोट्टा लागला तं?"

"त्याची चाळीस वर्षं होतील."

"मंग त्याच्या पोट्ट्याले?"

"नाही आबाजी. नोकरी ज्याची त्याची."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "वावर असं नव्हतं, साहेब. माह्या बापानं मले देलं, मी याले देनार होतो, हा त्याले देनार होता. नांगर धरनारा बी त्यातच खाये अन् खाटेवर बसनारा बी त्यातच. कोन कच्चा, कोन शिळा, कोनी इचारे नाही. आता तुमी तिघाईच्या मधात एक कुर्सी मांडली अन् म्हनता, तुमीच ठरवा कोनाले उभं ठेवाचं."

बाबूंनी समोरचा कागद सरळ केला. त्यांच्या हातात तरी काय होतं? त्यांची स्वतःचीही एकच खुर्ची होती.

"पोट्ट्याचं लिहा," आबाजी म्हणाले.

सदाशिव पुढं आला. "बा, अन् माह्यं काय?"

म्हातारा त्याच्या उघड्या ओठाकडे बघत राहिला. "तू माह्या संग बस."

"बसून काय करू?"

"मी करतो तेच."

सदाशिव तंबूतून निघून गेला. माझ्या अंगावरून गेला, पण मला त्यानं ओळख दिली नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी बापानं त्याला म्हातारा करून टाकलं होतं. आबाजींचा हिशेब चूक नव्हता. घराला जास्त वर्षं कोणाकडून मिळतील ते त्यांनी पाहिलं. पण मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना कापलं.

रविवारी दशरथला ही हकीकत सांगितली. तो गालाला साबण लावलेला तसाच हसला. "तुमच्या त्या घरी बाप का पोरगा, इतलं तरी भांडन हाय. ज्यायच्या नावावर वावरच नव्हतं, त्यायचा ना बाप लागला ना पोरगा. त्यायनं कोनाची मिशी लावाव?" त्याच्या घरचं वावर कधीच नव्हतं. मी म्हटलं, हलू नको, वस्तरा आहे.

दिवाळीनंतर मनोहर लागला. त्या वेळी त्याची स्वतःची बारीक मिशी आली होती, माझी गरज पडली नाही. ट्रेनिंग झालं, क्वार्टर मिळालं. सदाशिव त्या क्वार्टरमध्ये राहायला गेला नाही आणि बापाजवळ बसलाही नाही. तो ठेकेदारांकडे रोजंदारीवर जाऊ लागला. तिथं कागद कोणी विचारत नसे, पण मुनीम रांगेतून अंगापिंडानं तरणे दिसतील तेवढे उचलायचा. बाबू पस्तीसपर्यंत चालवून घेत होते, मुनिमाला पंचविशीचा लागायचा. म्हणून नवा ठेकेदार आला की सदाशिव विटेवर हजर. मिशी त्यानं पुन्हा वाढवलीच नाही. ज्या चिमणीच्या पायथ्याशी पोरगा ड्युटीवर असे, तिच्या परांचीवर बाप घमेली चढवत असे. पाळी सुटली की पोरगा सायकल हातात धरून थांबायचा आणि बाप दुसऱ्या वाटेनं जायचा. पोरगा माणूस चांगला होता. बाप वाईट होता असंही नाही.

नवीन लोक सदाशिवचा ओठ पाहून हळहळत आणि विचारत, वडील कधी गेले? तो म्हणायचा, "जाऊनच नाही राहिले!" ही त्याची एकच थट्टा. आबाजी पुष्कळ जगले.

परवाची गोष्ट सांगतो. जुनवानीला माझ्या नातवाचं सलून आहे. फिरत्या खुर्च्या आहेत, वीट नाही. मी कोपऱ्यात बसतो आणि जुनं गिऱ्हाईक आलं तर हात लावतो. मनोहर आला होता. रिटायर होऊन त्यालाही जमाना झाला. सोबत त्याचा मुलगा, जो त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे आहे, चाळिशीला टेकलेला. तो माझ्या नातवाला म्हणाला, "भाई, इंटरव्ह्यू है. थोड़ा कम उमर का दिखना चाहिए." मग आरशातच बापाकडे बघून म्हणाला, "इन लोगों का टाइम अच्छा था. घर बैठे पक्की नौकरी. सब यही लोग खा गए, हमारे लिए क्या छोड़ा?" थट्टेतच म्हणाला, पण सगळी थट्टा नव्हती. त्याचा ओठ गुळगुळीत होता. आताची पोरं बाप शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना मिशी काढतात, आणि कोणी विचारत नाही, कधी गेले.

मनोहर रागावला नाही. मला म्हणाला, "त्याचं बी खरं हाय, काका." त्याची मिशी आता पांढरी झाली आहे, ती मी कात्रीनं सारखी करत होतो. सदाशिव जिवंत असताना ही मिशी त्यानं फक्त एकदा काढू पाहिली होती. तेव्हाचं मी त्याच्या मुलाला सांगितलं नाही. ते इथं लिहितो.

आबाजी गेले तेव्हा मला निरोप आला. उतईकडच्या तळ्याच्या काठी सगळे जमले होते. मी धोकटी सोडली. आधी मुलगा बसतो. सदाशिव माझ्यासमोर बसला. मी त्याचं डोकं केलं आणि मग ओठाला पाणी लावलं. तिथं काही नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी नव्या ठेकेदारासाठी त्यानं माझ्याकडेच काढून घेतली होती. लोक गोल करून बघत होते.

"किसन," तो फक्त मला ऐकू येईल असा म्हणाला, "बापाची होती रे ते. आधीच कुठं देऊन बसलो."

मी उघड्या ओठावरून सावकाश वस्तरा फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि पाण्यात बुडवून झटकला. लोकांना वाटलं, झालं.

तो उठला आणि त्याच्या जागी मनोहर येऊन बसला. तोवर त्याची मिशी भरघोस काळी झाली होती. म्हणाला, "काका, माही बी काढा. आबानंच मले नोकरीले लावलं. माह्यासाठी तेच बाप."

लोकांत चुळबुळ झाली. कोणी म्हणालं, नातवानं काढली तर चालते. कोणी म्हणालं, नको. मी वस्तरा उघडून सदाशिवकडे पाहिलं. तो पाण्याच्या कडेला पाठमोरा उभा होता, डोकं तुळतुळीत, खांदे घमेल्यानं वाकलेले. तो वळला, येऊन पोरासमोर उभा राहिला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"त्याची राहू दे," तो म्हणाला. "मी अजून जित्ता हाय."

मी वस्तरा मिटवला.